जिवंत पेशीतले धातू आणि चमकणारे पॉलिमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातूचे आयन (विद्युतभार असलेले अणू) हुडकणारा चमकता पॉलिमर हा विषय गोव्यातल्या महाविद्यालयांत प्रकल्पासाठी आवडीने निवडला जातो. कारण उघड आहे. यूव्ही दिव्याखाली कुपी धरली की निकाल डोळ्यांना दिसतो आणि विद्यार्थ्याला हुरूप येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कुपीत शहाण्यासारखा वागणारा पॉलिमर पेशीत गेला की भलतंच काही दाखवू लागतो, आणि ते ओळखायचं कसं हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. विद्यार्थी, शाळाशिक्षक आणि काही वेळा त्यांचे पालकही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

या सेन्सरमध्ये नेमकं काय असतं?

मुख्य भाग दोन. एक धातूचा आयन पकडतो, दुसरा प्रकाश देतो. पकडणाऱ्या भागात नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचे अणू असतात आणि ठरावीक आयन मध्ये नीट बसेल अशी त्यांची मांडणी असते. प्रकाश देणारा भाग म्हणजे फ्लुओरेसंट रंगरेणू: ऱ्होडामीन, फ्लुओरेसीन, नॅफ्थॅलिमाइड, कुमारीन यांपैकी कुणीतरी.

पॉलिमर सेन्सरमध्ये हे भाग लांब साखळीवर ओळीने बसवलेले असतात. काही पॉलिमरमध्ये साखळी स्वतःच प्रकाश देते, वेगळा रंगरेणू लागतच नाही. पॉलिफ्लुओरीन आणि पॉलिथायोफीन ही त्यांतली ओळखीची नावं. तिसरा प्रकार नॅनोकणांचा. पॉलिमरचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक कण बनवायचे आणि रंगरेणू आत कोंडायचा. मिशिगन विद्यापीठात राउल कोपेलमन यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे असे कण पेशींत सोडून मोजमापं केली. रंगरेणू पिंजऱ्यात असल्यामुळे पेशीतली प्रथिनं त्याला चिकटत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

आयनामुळे प्रकाश बदलतो हे घरी बघता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी बघावंच.

दुकानात टॉनिक वॉटर मिळतं. त्यात क्विनीन असतं. नोटा तपासायचा जांभळा दिवा कुणाकडून तरी मागून आणा आणि खोलीत अंधार करा. दोन सारखे पारदर्शक ग्लास घेऊन दोन्हींत सारखंच टॉनिक वॉटर ओता. दिव्याखाली ते निळसर उजळेल. आता एका ग्लासात साधं पाणी आणि दुसऱ्यात तेवढंच मिठाचं दाट पाणी घाला. मिठाच्या ग्लासातला निळा उजेड बघता बघता मंदावतो. साध्या पाण्याच्या ग्लासातला किंचित कमी होतो, पण टिकतो. दिव्याकडे थेट बघू नका, आणि लहान मुलांच्या हाती तो देऊ नका.

इथे काम करणारा आयन क्लोराइड आहे, म्हणजे धातूचा नव्हे. पण घडतं ते तेच: दिव्याच्या ऊर्जेने उत्तेजित झालेल्या क्विनीनच्या रेणूवर क्लोराइड आदळतो आणि ती ऊर्जा प्रकाश न होता उष्णता होऊन निघून जाते. क्विनीनच्या द्रावणाचा हा निळा उजेड जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवला. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखवलं की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत शिरलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते. आजचे सगळे सेन्सर याच फरकावर उभे आहेत, कारण फिल्टर लावून आत सोडलेला प्रकाश अडवता येतो आणि उरलेला तेवढा मोजता येतो.

दुसऱ्या ग्लासात साधं पाणी का घातलं, हे मात्र मुलांना जरूर विचारा. ते घातलं नसतं तर उजेड मिठामुळे कमी झाला की द्रावण पातळ झाल्यामुळे, हे सांगता आलं नसतं. पुढचं बरंचसं पान या एका ग्लासाबद्दलच आहे.

रात्री किनाऱ्यावर लाटा चमकतात, तोही हाच प्रकार का?

नाही. तो नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्मजीवांचा स्वतःचा प्रकाश. तो रासायनिक क्रियेतून येतो, त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. पावसाळ्यात म्हादईच्या रानात दिसणाऱ्या चमकत्या अळंब्यांचंही तसंच. फ्लुओरेसन्सला बाहेरून प्रकाश द्यावा लागतो आणि तो बंद केला की चमक लगेच संपते.

पेशीत धातू कशाला हवेत? आणि किती असतात?

माणसाच्या प्रथिनांपैकी सुमारे एकदशांश प्रथिनं जस्ताशिवाय अडतात. हिमोग्लोबिनला लोह लागतं, पेशीतल्या श्वसनसाखळीला तांबं आणि लोह दोन्ही लागतात. स्नायू आखडायला कॅल्शियम. स्वादुपिंडाच्या पेशी इन्सुलिन साठवतात तेव्हा त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आयनांभोवती एकत्र बांधलेले असतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की उंदराच्या अंड्याचं फलन होताच ते अब्जावधी जस्त आयन झटक्यात बाहेर फेकतं. हे त्यांना दिसलं ते फ्लुओरेसंट सेन्सरमुळेच.

आता आकडे. (मिलिमोलरचा हजारावा भाग मायक्रोमोलर, त्याचा हजारावा नॅनोमोलर.) पेशीबाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम साधारण १ ते २ मिलिमोलर असतं, आत मात्र फक्त १०० नॅनोमोलरच्या आसपास. म्हणजे आतबाहेर दहा हजार पटींहून अधिक फरक. जस्ताची गंमत आणखी निराळी. पेशीतलं एकूण जस्त काहीशे मायक्रोमोलर भरतं, पण त्यातलं जवळजवळ सगळं प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. मोकळं जस्त एका नॅनोमोलरपेक्षाही कमी. तांबं तर मोकळं असं जवळपास नसतंच, एक प्रथिन ते दुसऱ्याच्या हाती सोपवतं.

हे आकडे ध्यानात ठेवा. सेन्सर मोकळे किंवा सैल धरलेले आयन बघतो, एकूण धातू नाही.

छोटे रंगरेणू चांगलं काम करतात, मग पॉलिमर कशाला?

छोट्या रेणूंनी फार मोठं काम केलं आहे, यात शंका नाही. रॉजर चिएन यांनी १९८५ मध्ये फ्युरा-२ हा कॅल्शियम ओळखणारा रंगरेणू आणला आणि कॅल्शियमचा अभ्यास पालटून गेला. याच चिएन यांना पुढे हिरव्या फ्लुओरेसंट प्रथिनावरच्या कामासाठी २००८ चं नोबेल मिळालं. फ्युरा-२ आजही वापरतात.

पॉलिमरकडे वळण्याची कारणं तीन-चार आहेत, आणि त्यांत सगळ्यात सुंदर कारण आहे संकेत वाढवण्याचं. साखळीभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पॉलिमरमध्ये प्रकाशाची ऊर्जा एका जागी बसत नाही, साखळीवरून धावते. धावताना वाटेत कुठेही एक आयन अडकलेला भेटला की ऊर्जा तिथे जिरते आणि साखळीचा मोठा पट्टा काळवंडतो. चवथीला मखरावर सोडतात त्या जुन्या धर्तीच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसं. टिमथी स्वॅगर यांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांनी धातू नव्हे, तर पॅराक्वाट या तणनाशकाचा रेणू पकडला होता आणि त्यांचा पॉलिमर एकट्या रेणूपेक्षा कित्येक पटींनी संवेदनशील निघाला. वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्यानंतर, २००० मध्ये. घराणं एकच.

दुसरं कारण पाण्यात विरघळण्याचं. बरेच रंगरेणू पाण्याला नाखूश असतात. साखळीवर पाणी धरणारे गट बसवले की प्रश्न मिटतो आणि डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकाचा आधार घ्यावा लागत नाही. तिसरं, एकाच साखळीवर दोन रंगरेणू बसवता येतात, एक आयनाला प्रतिसाद देणारा आणि एक न देणारा. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की दिव्याची तीव्रता किंवा सेन्सरचं प्रमाण कमीजास्त झालं तरी मोजमाप फारसं बिघडत नाही. माझ्या मते पेशीत जायचं असेल तर या तिसऱ्या कारणाचं मोल पहिल्यापेक्षा जास्त आहे, जरी पेपरांत पहिल्याचाच गवगवा असला तरी.

धातू जोडला गेला की प्रकाश वाढतो की कमी होतो?

दोन्ही घडतं. काही सेन्सरमध्ये नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी उत्तेजित रंगरेणूकडे उडी मारून त्याचा प्रकाश दाबून ठेवते. जस्त त्या जोडीला धरतं, उडी थांबते, प्रकाश सुटतो. ऱ्होडामीनच्या काही सेन्सरमध्ये एक वलय बंद असतं तोवर रंग नसतो. तांबं किंवा पारा आला की वलय उघडतं आणि गुलाबी रंग, नारिंगी चमक दिसते. उलट तांबं आणि फेरिक (तीन धनभारांचं) लोह यांच्यात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे हे आयन बहुतेक वेळा प्रकाश विझवतातच.

पेशीत विझणारा सेन्सर वापरणं मला पटत नाही. सेन्सर बाहेर गळाला, प्रकाशाने जळाला, गठ्ठे झाले, काहीही झालं तरी चमक कमी होते. कमी होण्याची कारणं शंभर, त्यांतलं एक तुमचा धातू.

जस्त आणि कॅडमियम, किंवा तांबं आणि जस्त, यांत सेन्सर फरक कसा करतो?

पुष्कळदा करू शकत नाही. जस्त आणि कॅडमियम आवर्त सारणीत एकाखाली एक आहेत, वागणं सारखं. निरोगी पेशीत कॅडमियम नगण्य असल्यामुळे जस्ताच्या अभ्यासात हे चालून जातं. तांब्याचं तसं नाही. अर्विंग आणि विल्यम्स यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या क्रमानुसार मँगेनीजपासून तांब्यापर्यंत बंध घट्ट होत जातो आणि जस्ताला पुन्हा सैल होतो. त्यामुळे नायट्रोजन-ऑक्सिजनचा जस्तासाठी केलेला सापळा तांब्याला अधिक आवडीने धरतो. पेशीत मोकळं तांबं फारच कमी असतं, हे आपलं नशीब. पाण्याच्या नमुन्यात ते नशीब असेलच असं नाही.

पाऱ्याला गंधक आवडतो. पण पेशीत ग्लुटाथायोन नावाचा गंधक असलेला रेणू १ ते १० मिलिमोलर इतका भरलेला असतो आणि तुमचा सेन्सर फार तर १० मायक्रोमोलर. पारा आधी कुणाकडे जाईल, हे सांगायला नको. म्हणून पाऱ्याच्या सेन्सरची परीक्षा ग्लुटाथायोन घातलेल्या द्रावणात घेतली नसेल, तर त्याच्या निवडकतेच्या तक्त्याला मी महत्त्व देत नाही.

एवढी मोठी साखळी पेशीत शिरते कशी?

इथे पॉलिमरची गोष्ट छोट्या रेणूंपासून वेगळी होते, म्हणून थोडं सविस्तर.

छोट्या सेन्सरवर एस्टरचे गट चढवून त्याचा विद्युतभार झाकता येतो. ही युक्तीही चिएन यांचीच, १९८१ ची. रेणू पेशीच्या पटलातून, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणातून, आरपार जातो, आतली एन्झाइमं एस्टर तोडतात, आणि भार उघडा पडल्यामुळे तो आतच अडकतो. पॉलिमरला ही सोय नाही. पेशी त्याला पटलाच्या खिशात गुंडाळून आत ओढते. तो खिसा म्हणजे एंडोसोम. हळूहळू त्याचं लायसोसोम, म्हणजे पेशीतला पचनाचा कप्पा, होतं, जिथे पीएच ४.५ ते ५ पर्यंत उतरतो. पेशीच्या मुख्य द्रवात पॉलिमर पोहोचतोच असं नाही.

सूक्ष्मदर्शकात हे कसं दिसतं? पेशीभर एकसारखा मंद उजेड दिसत नाही. केंद्रकाच्या एका बाजूला ठळक ठिपक्यांचा घोळका दिसतो आणि केंद्रक काळं राहतं. असं चित्र दिसलं की मनात पहिली शंका एंडोसोमची यायला हवी. पण जस्तही कणिकांत साठवलेलं असतं आणि तीही ठिपक्यांसारखीच दिसते, त्यामुळे 'पेशीतले जस्ताचे साठे' असं नाव देण्याचा मोह होतो.

त्यात आणखी एक मेख. ज्या नायट्रोजनला जस्त धरतं, त्यालाच हायड्रोजनचा आयनही धरू शकतो. लायसोसोमच्या आम्लात नायट्रोजनवर प्रोटॉन बसला की इलेक्ट्रॉनांची उडी तशीच थांबते आणि सेन्सर उजळतो. धातूचा पत्ताही नसताना. अमाइनवाल्या पॉलिमर सेन्सरची कितीतरी सुंदर चित्रं प्रत्यक्षात आम्लाची चित्रं असू शकतात. म्हणून पीएच ४ ते ८ या पट्ट्यात धातूशिवाय सेन्सर किती चमकतो, हा आलेख मी सगळ्यांत आधी शोधतो.

मग चमक धातूमुळेच आहे, हे कशावरून ठरवायचं?

टॉनिक वॉटरच्या दुसऱ्या ग्लासावरून. इथे असे ग्लास अनेक लागतात.

पहिला: धातू काढून घेतल्यावर चमक जाते का? जस्तासाठी टीपेन नावाचा रेणू वापरतात. तो पेशीत शिरतो आणि जस्ताला सेन्सरपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. ईडीटीए इथे चालत नाही, कारण तो पटल ओलांडत नाही. त्याने फक्त बाहेरचं जस्त जातं. हा फरक न कळल्यामुळे चांगले प्रकल्प फसतात. दुसरा: तीच साखळी, तोच रंगरेणू, पण पकडणारा गट नसलेला पॉलिमर. तोही तसाच चमकला तर सगळं संपलं. हा नियंत्रण पॉलिमर बनवायला वेगळं संश्लेषण करावं लागतं, म्हणून तो सहसा गाळला जातो. माझं स्पष्ट मत आहे की त्याच्याशिवाय पेशीतलं चित्र छापूच नये. तिसरा: सेन्सरच न घातलेल्या पेशी. पेशीतलेच एनएडीएच आणि फ्लेविन हे रेणू अनुक्रमे निळा आणि हिरवा प्रकाश स्वतःहून देतात, त्यामुळे ३६५ नॅनोमीटरने उत्तेजित होऊन निळा चमकणारा सेन्सर कुपीत छान दिसला तरी पेशीत त्या गर्दीत हरवतो. वनस्पती किंवा शेवाळ घेतलं तर हरितद्रव्याचा लाल उजेड ६८० नॅनोमीटरच्या आसपास हजर असतोच. चौथा: लायसोसोम रंगवणारा वेगळ्या रंगाचा मार्कर सोबत घालून ठिपके एकमेकांवर बसतात का ते पाहणं.

बऱ्याच लेखांत पेशींवर ५० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड ओततात आणि चमक वाढली की 'जिवंत पेशीत जस्ताचा शोध' असं लिहितात. शोध लागला तो आपणच ओतलेल्या जस्ताचा. ही चाचणी निरुपयोगी नाही, सेन्सर पेशीत जिवंत आहे एवढं ती सांगते. पण पेशीच्या स्वतःच्या जस्ताबद्दल ती काहीच सांगत नाही.

आणि पॉलिमरचा खास धोका. समजा एका साखळीवर १०० सापळे आहेत आणि तुम्ही १ मायक्रोमोलर पॉलिमर घातला. सापळे झाले १०० मायक्रोमोलर. पेशीतलं मोकळं जस्त एका नॅनोमोलरहून कमी. एवढे सापळे आत गेले की ते मोकळं जस्त मोजत नाहीत, प्रथिनांकडून ओढून घेतात. मोजताना मोजायची गोष्टच बदलते. प्रमाण साखळीचं लिहिलं आहे की सापळ्यांचं, हे वाचताना जरूर तपासा. आणि शक्य असेल तर सेन्सरचं प्रमाण अर्धं करून पाहा. उत्तर बदललं तर सेन्सर ढवळाढवळ करतो आहे.

यामुळे पेशी मरत नाहीत?

मरू शकतात. धन भाराचे पॉलिमर पटल फाडतात, त्यांच्याबाबत विशेष सावध राहावं. २४ तासांची एमटीटी चाचणी सगळे करतात, पण ती केवळ पेशी तगल्या की नाही एवढंच सांगते. जस्त ओढून घेतल्यामुळे एखादं एन्झाइम बंद पडलं तर ते तिच्यात दिसेलच असं नाही. प्रकाशाचीही इजा असते. यूव्हीपेक्षा लाल प्रकाश पेशीला सोसतो.

मांडवी पावसात लाल होते ते लोहामुळेच ना? मग लोहाच्या सेन्सरने तिथले जीव तपासता येतील?

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतून वाहून येणारी लाल माती लोहाच्या ऑक्साइडची असते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, पण डोंगरउतारावरचे ढिगारे आणि नद्यांच्या तळचा गाळ त्या दिवशी नाहीसा झाला नाही. तरीही लाल पाणी म्हणजे आयनांनी भरलेलं पाणी नव्हे. उदासीन पीएचला फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. लाल दिसतात ते तरंगणारे कण.

पेशीच्या आतही तीच अडचण, वेगळ्या रूपात. आतलं वातावरण इलेक्ट्रॉन देणारं (क्षपणकारी) असतं, त्यामुळे सैल धरलेलं लोह बहुतांशी फेरस (दोन धनभारांच्या) रूपात राहतं. आणि सेन्सर बहुतेक फेरिकसाठी बनवलेले. का, तर फेरिक क्लोराइड टाकलं की चमक झटकन विझते आणि आलेख देखणा येतो. ती विझण्यामागे अनेकदा बंधही नसतो. फेरिक लोह स्वतःच यूव्ही आणि निळा प्रकाश शोषतं, सेन्सरपर्यंत उजेड पोहोचतच नाही. द्रावणाचं शोषण मोजून ही दुरुस्ती केल्यावर काही 'सेन्सर' सेन्सर उरत नाहीत. लोहाच्या प्रश्नावर काम करायची इच्छा गोव्यातल्या विद्यार्थ्याला होणं अगदी स्वाभाविक आहे. त्याने फेरसचा रस्ता धरावा, तो अवघड आहे पण खरा आहे.

आमच्या विहिरीचं पाणी किंवा बाजारातल्या तिसऱ्या (शिंपल्या) याने तपासता येतील का?

आज तरी नाही, आणि कुणी तसं सांगून काही विकत असेल तर पुरावा मागा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. हेच आकडे रसायनाच्या भाषेत आणले तर शिसं साधारण ४८, कॅडमियम २७ आणि पारा फक्त ५ नॅनोमोलर. एखादा सेन्सर १ मायक्रोमोलर पारा ओळखतो असं अभिमानाने लिहिलेलं असतं, तेव्हा तो मर्यादेच्या २०० पट पारा असल्यावरच बोलतो. तोवर गप्प.

तिसऱ्या आणि शिणाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे त्यांच्या अंगात धातू साठू शकतो. तो किती, हे पाहायचं तर मांस आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस किंवा अणुशोषण यंत्रावर मोजावं लागतं. हीच पद्धत विहिरीच्या पाण्यालाही लागू. सेन्सर दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो: तो धातू कल्ल्याच्या पेशीत आहे की पचनग्रंथीच्या, पेशीत कुठल्या कप्प्यात, आणि तासाभरात त्याचं काय झालं. नमुना विरघळवला की ही माहिती कायमची जाते. दोन्ही मोजमापं एकाच नमुन्याच्या दोन भागांवर केली तर अभ्यास भक्कम होतो.

रुग्णालयात वापरतात का?

रुग्णांच्या शरीरात धातू मोजायला नाही. प्रकाश ऊतींत खोल जात नाही आणि पॉलिमर शरीराबाहेर कसा पडेल हा प्रश्न उरतोच. औषधांच्या आणि रोगांच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात मात्र त्याचा उपयोग आहे.

एमएस्सीचा प्रकल्प आहे, वेळ थोडा आहे. काय करू?

नवा पॉलिमर बनवू नका. आधीच माहीत असलेला एक घ्या आणि त्याची कसून परीक्षा करा: पीएच, ग्लुटाथायोन, रक्तातलं अल्ब्युमिन, नियंत्रण पॉलिमर. असं काम छापलं जातं, आणि नाही छापलं गेलं तरी तुम्हाला त्यातून जे शिकायला मिळेल ते आणखी एका नव्या सेन्सरच्या संश्लेषणातून मिळणार नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. फॉस्फेट बफरमध्ये शिसं, फेरिक लोह किंवा जस्त घालू नका, फॉस्फेट त्यांना खाली बसवतं किंवा धरून ठेवतं. हेपेस बफर घ्या. काचेची भांडी सौम्य नायट्रिक आम्लाने धुवा, कारण नॅनोमोलरच्या पातळीवर नळाच्या पाण्यातलं जस्तसुद्धा पुरतं. सेन्सर पीएनआयपीएएम या पॉलिमरचा असेल तर ध्यानात ठेवा की तो ३२ अंशांच्या वर आक्रसतो आणि द्रावण दुधाळ होतं. एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी हे आपसूक घडतं, आणि ढगाळ द्रावणातला विखुरलेला प्रकाश चमकेसारखा मोजला जातो. मोजमापाची पेटी २५ अंशांवर ठेवा. पेशीतला प्रयोग ३७ वर होणार असल्यामुळे तिथली वर्तणूक आधीच कुपीत, त्याच तापमानाला पाहून ठेवा.

पेशी वाढवायची सोय तुमच्या महाविद्यालयात नसेल तर अडून बसू नका. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान दोन्ही शिकवतात, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, झुआरीनगरला बिट्स. मार्गदर्शकांकरवी रीतसर पत्र लिहा आणि पत्रात 'कॉन्फोकल (लेसरवर चालणारा सूक्ष्मदर्शक) वापरायला मिळेल का' एवढंच विचारू नका. कोणत्या लेसरने उत्तेजित करायचं, प्रकाश कोणत्या पट्ट्यात गोळा करायचा, नमुने किती आणि नियंत्रणं कोणती, हे चार ओळींत लिहा. बहुतेक यंत्रांवर ४०५, ४८८ आणि ५६१ नॅनोमीटरचे लेसर असतात. तुमचा सेन्सर फक्त ३४० ला उत्तेजित होत असेल तर ते पत्र लिहिण्याआधीच सेन्सर बदला.